घर निजून पाहणाऱ्या बाई

मी एकदा किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या एका तांडेलाच्या मुलीची सोयरीक एका गोऱ्या पोराशी ठरवून टाकली. त्याला न विचारता, तिला न विचारता, आणि मुख्य म्हणजे माझं मलाच न कळता. तेव्हा मी विशीतली होते, दोन वेण्या घालायची, आणि पालघर स्टेशनपासून तारापूरच्या किनाऱ्यापर्यंत आपल्याइतकी हुशार मुलगी दुसरी नाही अशी माझी खात्री होती. ही खात्री मला कुणी दिली कोण जाणे. बहुधा घरच्या आरशानं. तो जरा तडकलेलाच होता.

हा घोळ निस्तरला तो बाईंनी. त्यांचं नाव सांगत नाही. नाव घेतलं तर त्या कुठूनही येतील आणि म्हणतील, "माझ्यावर लिहितेस? मग आधी निजायला जागा दाखव."

बाई पन्नाशीच्या पुढच्या. परदेशातल्या एका विद्यापीठात त्यांनी बरीच वर्षं नोकरी केली होती. जगभरातून मुलं तिथं शिकायला येत, तिथली मुलं दुसऱ्या देशांत जात. या सगळ्यांची राहायची-जेवायची, रडायची-हसायची सोय पाहणारं जे कार्यालय होतं, त्यात बाई होत्या. म्हातारपणी त्या पालघरला भावाकडे परतल्या, पण रिकाम्या हातानं नाही. त्या विद्यापीठाच्या मागे लागून त्यांनी इथंच एक खोली उघडायला लावली. दर हिवाळ्यात तिकडची काही मुलं यायची, आठवडाभर आपल्या गावांत, आपल्या माणसांच्या घरात राहायची, आणि पुढे आपली काही मुलं तिकडे जायची. "मुंबईत पाहुणा हॉटेलात राहतो," बाई म्हणायच्या, "आणि घरी जाऊन सांगतो की भारतात पंखा आवाज करतो."

ही खोली भाताच्या गिरणीला लागून होती. टाइपरायटरवर सकाळी तुसाची साय धरायची. फुंकर मारल्याशिवाय एक अक्षर उमटायचं नाही. दारावर पाटी होती 'विद्यार्थी देवघेव कार्यालय'. ती वाचून पहिल्या महिन्यात तीन बायका पितळेची भांडी गहाण ठेवायला घेऊन आल्या. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि तिघींपैकी दोघींची घरं पाहुण्यांसाठी पक्की करून टाकली.

माझे वडील साताऱ्याकडचे. तारापूरला वीज प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं, त्यात ते नोकरीला लागले म्हणून आम्ही बोईसरला राहायला आलो. मला टायपिंग येत होतं आणि इंग्रजीत 'हाउ डू यू डू' म्हणता येत होतं. बाईंनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला. "तुला कुठंही झोप लागते का?" मी लाजून 'नाही' म्हटलं. त्या म्हणाल्या, "शिकशील."

त्याचा अर्थ पुढे कळला. बाई नऊवारी नेसायच्या, त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि डोक्यावर तिकडून आणलेली बुरसटलेली हॅट. अशा अवतारात त्या होऊ घातलेल्या यजमानांच्या घरी जायच्या. घरातली बाई संडास दाखवायची, विहीर दाखवायची, नवी चादर दाखवायची. बाई तिकडे पाहायच्याही नाहीत. पाहुणा जिथं निजणार ती बाज, तो तक्तपोस, ती चटई जे काय असेल त्यावर त्या बुटांसकट आडव्या व्हायच्या, हॅट तोंडावर ओढायच्या आणि डोळे मिटायच्या. डुलकी लागली तर घर पास. नाही लागली तर, "घर चांगलं आहे हो, पण सासू-सुनेचं काहीतरी बिनसलंय. मला भिंतीतून ऐकू येतं." आणि ते खरं निघायचं! मासवणच्या एका घरात त्या पार घोरल्या. घरातली माणसं अंगणात उभी राहून अर्धा तास कुजबुजत होती. मग आजोबांनी घाबरत मला विचारलं, "बाय, मेली तर नाय ना?"

त्यांचं दुसरं खूळ पाण्याचं. कार्यालयात काही बिनसलं, तार उशिरा आली, गाडी चुकली, पाहुण्याला जुलाब लागले, की बाई आधी माठातून पेलाभर पाणी काढून टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्यावर ठेवायच्या. कुणी प्यायचं नाही. "हे गोंधळाला," त्या म्हणायच्या. "तोही पाहुणाच. दारात उभा करून त्याच्याशी भांडू नये." मी त्यांच्यामागे त्या पेल्यातलं पाणी तुळशीला घालायची आणि मनात म्हणायची, वेडी आहे, पण पगार वेळेवर देते.

तर त्या हिवाळ्यात आठ पाहुणे यायचे होते. बाईंची रीत अशी, की पाहुणा येण्याआधी त्याचा फोटो यजमानांकडे गेला पाहिजे. "दारात उभं राहिल्यावर तोंड ओळखीचं वाटायला हवं. नाहीतर कुत्रा भुंकतो आणि पाहुण्याला वाटतं, घर भुंकलं." फोटो पाठवायचं काम माझं.

आता मी पडले साताऱ्याची, आईच्या तालमीतली. आई म्हणायची, कुणाच्या घरी कोरडं काही पाठवू नये. नुसता फोटो पाठवायचा म्हणजे काय, पोलीसचौकीतली नोटीस आहे का? मग मी माझ्या अकलेनं बाजारातून आणलं: प्रत्येक घराला एक नारळ, एक सुपारी, साखरेचा पुडा, आणि हे सगळं बांधायला लाल खण. वर पाहुण्याचा फोटो. इतकं सुरेख दिसलं म्हणता, की मी स्वतःचीच पाठ थोपटली. खरंच थोपटली, हात मागे नेऊन. बाई त्या दिवशी तारापूरला घरं निजून पाहायला गेल्या होत्या. प्रकल्पावरचा एक भैया ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा, जीप घेऊन जाता-येता आमची कामं करायचा. त्याला मी गावांची नावं दिली आणि बजावलं, "हात में देना, प्यार से."

तो म्हणाला, "प्यार से ही देंगे, बहनजी. शादी-ब्याह का मामला दिखता है." मी हसले. मला वाटलं, गंमत करतोय.

मग पाहुणे आले आणि तो आठवडा सुरू झाला. एका मुलीची ट्रंक किनाऱ्यावरच्या दांडी गावाला गेली आणि दांडीच्या पाहुण्याची तिच्याकडे. दोन दिवस तो बिचारा तिचा फुलाफुलांचा झगा अंगरख्यासारखा घालून होडीवर बसला होता. एक मुलगा बोईसरला हरवला. आम्ही घाबरेघुबरे होऊन शोधतोय, तर तो बांधकामावरच्या मजुरांच्या पंगतीत मांडी घालून रोटी मोडत होता आणि म्हणत होता, "भाईसाब, थोड़ा और." मासवणला आजोबांनी माझा खण आणि पाहुणीचा फोटो थेट देव्हाऱ्यात ठेवला होता. ती पोरगी दारात आल्यावर त्यांनी तिचे पाय धुतले, आणि ती जी रडायला लागली ती थांबेना. तिला तिच्या घरी कुणी दारही उघडून देत नसे म्हणे. बाईंचा तो पेला दिवसातून चार वेळा भरला जात होता. तुळस सडायला आली.

आणि मग बुधवारी सकाळी दारात मुरब्याचा तांडेल उभा राहिला.

तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. याच्या घरी आमचा सगळ्यात उंच पाहुणा उतरला होता. मी त्याला मनात ताडमाड म्हणायची. तांडेलाच्या डोक्यावर लाल टोपी, बरोबर गावचे दोन वयस्कर पंच, आणि दोघांनी मिळून धरलेला एक भलामोठा घोळ मासा. तांडेल बाईंसमोर वाकला आणि गडगडला, "राम राम, इहीनबाय!"

विहीणबाई! माझ्या हातातला कागद टाइपरायटरमध्ये तिरका गेला तो तसाच राहिला.

"बसा," बाई म्हणाल्या. "काय म्हणता?"

"म्हनायचं काय आता? तुमी काय बाकी ठेवलंय?" तांडेल खुशीत आला होता. "नारल आला, सुपारी आली, साकर आली, वरती पोराचा फोटू. आमी म्हटलं, गोरा हाय पन रीत पालतो. मागनी घालावी तर अशी! माज्या हिरूचं नशीब उघडलं. पंचांना बोलावलं, सुपारी फोडली, सगल्या गावाचं तोंड गोड केलं. आता लगीन कदी, ते बोला."

बाई उठल्या. माठातून दोन पेले काढले. एक तांडेलाला दिला, दुसरा कोपऱ्यावर ठेवला. मग माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात विचारलं, "खण कुणी बांधला?"

"मी."

"छान."

हा शब्द मी आयुष्यात अनेकांकडून ऐकला. मुलगा पास झाला तेव्हा ऐकला, नातवाच्या बारशाला ऐकला. पण त्या 'छान'नं जशी माझी कानशिलं तापली, तशी पुन्हा कधी तापली नाहीत.

मला वाटलं, आता बाई सांगून टाकणार की पोरीची चूक झाली, माफ करा. त्याऐवजी त्या तांडेलाला म्हणाल्या, "आमचा मुलगा तुमच्या मुलीनं पाहिला कुठं अजून?"

तांडेल गोंधळला. "पोरीनं? पोरगी काय बघनार? बघायचं असतं पोरानं."

"तुमच्याकडे. मुलगा आमच्याकडचा आहे, तर रीत आमची नको? मुलगी मुलाला पाहते. काय विचारायचं ते विचारते. मग हो तर हो, नको तर नको."

"आनि सुपारी? ती फुटली ना गावापुढं!"

"मग पाहणंही गावापुढंच करा. काही झाकून नाही."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "साहेब लोकांची रीत असंल बाबा." रविवारी वाळूवर जमायचं ठरलं. घोळ आमच्या टेबलावर ठेवून ते गेले.

मी रडत म्हटलं, "बाई, खरं सांगून टाकू या ना. माझी चूक आहे, मी कबूल करते."

"चूक तुझी. पण नाव कुणाचं जाईल?" बाई हॅटनं माशावरच्या माश्या वारत होत्या. "सुपारी फुटल्यावर साहेब नाही म्हणाला, तर ती पोर जन्मभर 'साहेबानं सोडलेली'. तुला कोण काय म्हणणार? तू वेणी पुढं घेऊन रडशील आणि दुपारी जेवशील. नाही म्हणायचंच आहे, मुली. फक्त कुणाच्या तोंडून, एवढाच प्रश्न."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हिरूकडे पाठवलं. ती वलांडीवर बोंबील टाकत होती. वलांडी म्हणजे बांबूंचे उभे मांडव. जोडीजोडीनं तोंडं अडकवून त्यावर बोंबील वाळत घालतात. मी नाकाला रुमाल लावून उभी. माझ्याच वयाची पोर, हात कोपरापर्यंत खवल्यांनी चमकणारे. मी सगळं सांगितलं. खण, साखर, माझी अक्कल. वाटलं, आता ही मला बोंबलानंच मारते. ती खो खो हसत सुटली.

"आनि मी समजली, मागनी घातली म्हनून तो परवापासून माज्याकडं बघून दात काढतो! त्याला ठाव हाय?"

"नाही."

"आयला! दोगांचं लगीन आनि दोगांना कुनी इचारलं नाय." मग हसू गिळून म्हणाली, "नाव घालवनार ना तुमी लोक माजं?"

"नाही. तू नको म्हणायचंस. सगळ्यांसमोर."

तिनं हातातले बोंबील खाली ठेवले. "बापूस आयकंल?"

मी म्हटलं, "बाई आहेत ना." आणि वलांडीवर एक बोंबील नीट अडकवून द्यायला गेले, तो तिच्या अंगावर पडला.

इकडे बाईंनी ताडमाडला बोलावून सांगितलं, "रविवारी एक मुलगी तुला नाकारणार आहे. तू फक्त उभा राहायचंस."

तो घाबरून म्हणाला, "मी काय केलं?"

"अजून काही नाही. म्हणूनच."

सगळं ऐकून तो हसेल असं मला वाटलं होतं. तो गंभीर झाला. म्हणाला, ठीक आहे, पण परीक्षा खरी असेल ना? मग मी खरी देणार. गोंधळानंतर हा आमचा दुसरा पाहुणा, ज्याच्यासाठी कोपऱ्यावर पेला ठेवायला हवा होता.

रविवारी मुरब्याच्या वाळूवर अख्खं गाव. ताडमाड टाय लावून आला होता! टाय, आणि खाली तांडेलाची रुमालाची कासोटी. केस पाणी लावून चापून बसवलेले. बायकांनी त्याला पाहून जो हशा पिकवला, तो दांडीपर्यंत ऐकू गेला असेल. मध्ये एका बाजेवर बाईंना मानानं बसवलं. बाई बसल्या, मग टेकल्या, मग आडव्या झाल्या आणि हॅट तोंडावर गेली.

"बाई!" मी त्यांच्या कानात ओरडले. उत्तर आलं ते घोरण्याचं.

हिरू पदर खोचून पुढे आली. "चालून दाखव," ती म्हणाली. मी दुभाषी. गाव फुटलं हसून. पोरीला चालायला लावतात तसं पोराला! तो चालला. "मासळी साफ करता येते?" त्याला कोयता दिला. त्यानं बोट कापलं, रक्त चोखलं आणि पुन्हा बसला. चार मासळ्या बिघडवल्या, पाचवी नीट केली. म्हाताऱ्या टाळ्या पिटायला लागल्या. "पाटी उचल," हिरू म्हणाली. ओल्या मासळीची पाटी त्यानं खांद्यावर घेतली, मासळीचं पाणी टायवरून ओघळतंय, आणि वाळूतून धावत वलांडीपर्यंत नेली! "होडीत चढ." मला वाटलं, आता हा उलट्या करणार, सुटलो. छे! खाडीच्या तोंडाशी लाटा होडीला पाळण्यासारख्या हलवतायत आणि हा वल्हं मारत गातोय. उतरला तेव्हा पोरांनी त्याला उचलून घेतलं.

"घे गं पोरी!" म्हाताऱ्या ओरडल्या. "सोन्यावानी हाय! घे!"

तांडेलाची छाती फुगली होती. "झालं," तो म्हणाला. "पास झाला पोरगा. आता काय उरलं?"

सगळा डाव असा होता, की तो नापास होईल. कारण मिळेल. आता कारण कुठून आणायचं? आणि कारण नसताना मुरब्यात कुठली पोरगी सगळ्या गावासमोर बापाला 'नको' म्हणणार? मी बाजेकडे पाहिलं. हॅट शांतपणे वरखाली होत होती.

हिरू ताडमाडकडे बघत उभी होती. तो चिखलानं माखलेला, बोटाला चिंधी, आणि चेहऱ्यावर आशा. खरंच आशा. ती त्याला म्हणाली, "चांगला हाय तू." मग बापाकडे वळली आणि म्हणाली, "मला नको."



"नको?" तांडेल म्हणाला. "कारन काय?"

"कारन नाय. नको."

"कारन नाय म्हंजे? सगल्यात पास झाला! गावापुढं हसं करतेस? कारन सांग!"

तांडेल पुढे झाला. हिरू मागे सरली नाही. पंच उठून उभे राहिले. आणि बाजेवरून, हॅटच्या खालून, झोपाळू आवाज आला.

"तांडेल, तुम्ही किती पोरी पाहिल्यात?"

"आं?"

बाई उठून बसल्या. बूट एकमेकांवर आपटून वाळू झटकली. "लग्नाच्या आधी. किती पोरी पाहायला गेलात?"

"तीन," तांडेल पुटपुटला. "चार."

"पहिल्या तिघींना नको म्हटलंत. कारण सांगितलं होतंत?"

बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी खदकन हसलं. ती तांडेलाची बायकोच होती. "माजी थोरली बहीन त्यातलीच हाय!" ती म्हणाली. "अजून इचारते, माज्यात काय वाईट होतं?"

आता हसू आवरेना कुणाला. म्हाताऱ्या एकमेकींवर कोसळल्या. तांडेलानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "आमची रीत तुमची रीत," तो म्हणाला, "डोस्कं फिरलं माजं." मग गावाकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "आयका! माज्या पोरीनं साहेबाला नको म्हटलंय! सुपारी मोडली!" आणि बोलता बोलताच त्याला ते वाक्य आवडलं असावं, कारण त्यानं ते छाती काढून आणखी दोनदा सांगितलं.

ताडमाड वाळूत बसला होता, खरोखरीचा खट्टू. परतीच्या वाटेवर तो मला विचारत राहिला, की त्याच्यात कमी काय होतं. मी म्हटलं, बाईंना विचार. बाई जीपमध्ये पुन्हा झोपल्या होत्या. भैया ड्रायव्हर म्हणाला, "बहनजी, हमने तो पहले ही बोला था."

बाई त्यानंतर कार्यालयात आणखी काही हिवाळे होत्या. मी लग्न करून जाताना त्यांनी माझ्या सासरी येऊन माझ्या पलंगावर आडवं होण्याचा हट्ट धरला. सासूबाई दारात उभ्या, मी लाजेनं अर्धी. बाई दहा मिनिटांनी उठल्या आणि म्हणाल्या, "डुलकी लागली नाही. पण हिला लागेल. हिला कुठंही लागते आता." खरं होतं ते. शिकले होते.

त्याच्या आधी, सुपारी मोडल्याला काही महिने झाले असतील, पालघरच्या बाजारात हिरू भेटली. सुक्या मासळीची पाटी समोर, आणि गिऱ्हाइकांशी अशी भांडत होती की मलाच भीती वाटली. मला बघताच हाक मारली, बाजूला बसवलं आणि जवळ ओढून सांगितलं, "तुजी चूक झाली ना, म्हनून माजं 'नको' सगल्या गावानं आयकलं. आता बापूस मला इचारल्याबिगर काय ठरवत नाय. दांडीचा पोरगा हाय एक, त्याला मी हो म्हटलंय, मनापासून. पन माजी धाकटी बहीन हाय ना घरात, ती लय गरीब, तोंडातून शबूद काढत नाय. तिच्यासाठी बी अशीच एक चूक करशील का गं?"